सापसुरळी पाण्यापर्यंत पोचायच्या आत

बगिच्यातल्या मांजरांना दूध घालायचं नाही, असा सासऱ्यांचा नियम होता. "पोट भरलं तं उंदीर कोन मारन? मी?" असं ते विचारत. वऱ्हाडात, दारव्ह्यापासून दोन कोसांवर आमचं वावर. विहीर, संत्र्याची झाडं, झाडांमधल्या पट्ट्यांत मिरची-वांगी, आणि भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. उंदरांना तिथं सुमार नव्हता हे खरंच. पण उंदीर निघायचे अंधारात. दिवसभर उपाशी मांजरांनी करायचं काय? ती सरडे मारत.

एका फटक्यात मारून खाल्लं, असं ते नसे. सरड्याला पंजाखाली दाबायचं, सोडायचं, तो दोन हात पळाला की परत दाबायचं. पोट फाटलेला सरडासुद्धा मान वर करून, गळा लाल करून, तोंड उघडून उभा राही. आपण कोणी मोठे आहोत असं त्याला दाखवायचं असावं. तसंच उघडं तोंड मांजरीच्या दाढेखाली करकरताना मी पाहिलेलं आहे. सापसुरळी त्यातल्या त्यात हुशार. ती शेपूट टाकून पळे, आणि मांजर त्या वळवळत्या तुकड्यावर तुटून पडे. सकाळी मिरच्या तोडायला गेलं की वाफ्यात कुठं पाय, कुठं कातडं. सुरुवातीला मी वळसा घालून जाई. मग मीही पायानं बाजूला सारायला शिकले.

मी कोकणातली. आमच्याकडची मांजरं मासळीची डोकी खाऊन ओट्यावर लोळत. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर वडील गेले, आणि मुंबईला मामाच्या चाळीत भांडी घासत असताना शेजारच्या खोलीतल्या गिरणीकामगारानं मला पाहिलं. त्याच्या आईवडलांनी काही न मागता, माझ्या बाजूनं उभं राहणारं कोणी नसताना, मला सून करून घेतलं. लग्नानंतर त्यालाही घरच्या वावरात बोलावून घेतलं. महाराष्ट्र अजून व्हायचा होता त्या वेळची ही गोष्ट. दोन वेळ पोटभर भाकरी मिळे, कोणी हात उगारत नसे. रोज मनातल्या मनात मी त्या माणसांच्या पाया पडे. आणि रोजच धास्तीही वाटे, की यांना एक दिवस आपला कंटाळा येईल. एखादं मडकं फुटलं तरी मनानं मी मामाच्या चाळीत परत पोचलेली असे.

"समुद्रातून धरून आनली आमी ही," सासरे पाहुण्यांना सांगत. "भाषा कयत नाई तिले, पन भाकर बरी थापते."

सासूला मी मामी म्हणत असे. मामी फार बोलत नसत. सासऱ्यांसमोर तर नाहीच. डोक्यावरचा पदर त्यांचा कधी ढळत नसे.

माझी मुलगी झाली त्या वर्षी घोरपडीनं मांजरीची पिल्लं खाल्ली. कुटाराच्या, गुरांच्या भुशाच्या, ढिगात पिल्लं होती, डोळे न उघडलेली. घोरपड एकेक गिळत होती. तेवढ्यात मांजर आली आणि सरळ तिच्या डोक्यावर पडली. दोघींचा एकच गोळा झाला, कुटार उडायला लागलं. घोरपडीनं शेपटीचा असा सपका मारला की मांजरीचा एक डोळा तिथंच फुटून वाहिला. तरी तिनं घोरपडीचं नरडं सोडलं नाही. शेवटी दिरानं काठीनं घोरपडीचा कणा मोडला, आणि शेजारच्या वावराचा राखणदार तिला तेलासाठी घेऊन गेला. मांजर जगली. तेव्हापासून तिला सगळे काणी म्हणत. तिची एक खोड झाली. उडी मारताना अंदाज चुके. सरडा एकीकडे आणि ती दुसरीकडे.

त्या दिवशी माझे यजमान मिरच्या घेऊन दारव्ह्याच्या बाजाराला गेले होते. सासरे मोट हाकत होते, दीर फावड्यानं वाफ्यांत पाणी वळवत होता. मी आणि मामी मिरच्या तोडत होतो. मुलगी नुकती रांगायला लागलेली. तिला संत्र्याखाली गोधडीवर बसवलं होतं. काणी गोधडीच्या बाजूला दबा धरून होती, हे मी पाहिलं होतं. त्यात नवीन काही नव्हतं.

काणीनं उडी घेतली आणि पोर किंचाळली. मी धावले. मुलीच्या पावलातून रक्त येत होतं, आणि गोधडीखालून तुकतुकीत अंगाची एक सापसुरळी, शेपूट नसलेली, सुळकन बाहेर निघाली.

दिरानं ती पाहिली. "सापसुरयी चावली वो! पोरीले सापसुरयी चावली!"

"पान्याकडं जाऊ देऊ नोको तिले!" सासरे बैल तसेच सोडून धावत सुटले. "पयले पोरीले पानी! पयले पोरीले!"

तिथं सगळ्यांचा पक्का समज होता. सापसुरळी चावली की ती पाणी शोधत जाते. ती आधी पाणी प्याली तर माणूस संपला. माणूस आधी प्याला तर सापसुरळी मरते. शर्यतच ती. आणि पाण्यानं भरलेला पाट हाताच्या अंतरावर वाहत होता. सापसुरळी तिकडेच निघाली होती.

दीर फावड्यानं जमीन ठोकत तिच्या मागे. एक घाव, दुसरा घाव, वांग्याची रोपं चिरली जात होती, पाट फुटून चिखल उडत होता. सासऱ्यांनी पाटातलं पाणी लोट्यात घेतलं आणि मी धरलेल्या पोरीच्या तोंडात ओतलं. पोर रडत होती, तोंड उघडंच होतं. ते ओतत राहिले. नात होती ती त्यांची. "पी वं माय, पी, पी..." रडणं घोगरं झालं. मग बंद झालं. ओठ जांभळे पडले, डोळे वर गेले. सासऱ्यांचा हात धरायचा असतो, हे मला सुचलंच नाही.

मामींनी टोपली फेकली. मिरच्या चौफेर उडाल्या. त्या आल्या आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांना छातीवर ढकललं. सासरे उताणे चिखलात.

"मारता काय पोरीले!"

माझ्या हातातून पोर हिसकून त्यांनी तिला पायाला धरून उलटी केली आणि पाठीत गुद्दे घातले. एवढ्याशा पाठीत. डोक्यावर पदर नव्हता, केस सुटले होते. तिसऱ्या की चौथ्या गुद्द्याला पाणी आलं, त्याच्यामागे फाटलेलं दूध आलं, आणि त्याच्यामागे रडणं.

त्याच वेळी पाटाच्या कडेला काणीनं सापसुरळीला गाठलं. या खेपेला अंदाज चुकला नाही. डोक्याकडून दातांत धरून, दोन झटके देऊन, आम्हा सगळ्यांच्या देखत तिनं ती खाल्ली.

"पान्याले लागूच नाई देल्लं मांजरीनं!" दीर ओरडला.

सासरे चिखलातून उठले. मामींकडे न बघता म्हणाले, "दिवस बुडेपर्यंत पोरीले झोपू देऊ नोका. अन मांजरीवर ध्यान ठेवा. जहर तिच्या पोटात हाये आता. थे मेली, तं पोरई..."

मग बापलेक कुंपणाकडे गेले आणि त्यांनी ते पेटवलं. वाळलेली बोराटी ती, भडकली. आतून सरडे, सापसुरळ्या, पालीसुद्धा निघाल्या, काहींच्या पाठी जळत होत्या. दोघं काठ्यांनी बडवत होते. कुणाला दया नव्हती आणि, खरं सांगते, मलाही नव्हती. बाकीची मांजरं धुराच्या कडेला ओळीनं बसली होती. जे काठीतून सुटे ते त्यांच्या तोंडात जाई. जळक्या कातड्याचा वास विहिरीपर्यंत येत होता.

पोर पेंगायला लागली. आम्ही तिचे कान पिळले, तळपायाला टिचक्या मारल्या, तोंडावर फुंकलं. ती केविलवाणी रडे आणि परत डोळे मिटे. तिकडे काणी संत्र्याखाली पाय ताणून पडलेली. हलेना. मी एकदा पोरीकडे बघे, एकदा मांजरीच्या पोटाकडे. श्वास चाललाय की नाही, लांबून कळत नव्हतं.

ऊन उतरलं. दीर काजळलेल्या अंगानं आला. "गेली वाटते," म्हणाला.

"हात लावून पाह्य," सासरे म्हणाले. स्वतः पुढे झाले नाहीत.

दिरानं बोटानं तिच्या बरगडीत टोचलं. काणीनं डोळा उघडला, फिस्कारली आणि मनगटापासून अंगठ्यापर्यंत त्याचा हात सोलून काढला.

"जित्ती हाये!" रक्त ठिबकणारा हात वर करून तो नाचायला लागला. "बाप्पा, लय जित्ती हाये!"

सासरे खाली बसले आणि उपरण्यात तोंड घालून रडले.

मामींनी हळद आणि पाणी आणलं. आधी दिराचा हात धुतला. शेजारी शेजारी तीन ओरखडे. मग पोरीचं पाऊल पुसलं. वाळलेलं रक्त निघालं आणि खाली तसेच तीन ओरखडे, फक्त लहान. मामींनी ते पाहिले. मी पाहिले. सगळं वावर जळक्या सरड्यांनी भरलं होतं.

"मामी, हे तर..."

"चूप." त्यांनी पावलावर हळदीचा जाड थर थापला, काही दिसणार नाही असा. "आज लय मारून झालं. मांजरीचं नाव काढशीन तं तिलेई पोत्यात घालून मारतीन."

पदर त्यांनी परत डोक्यावर घेतला. मी त्यांच्या पायांकडे वाकायला गेले, तर त्यांनी खांद्याला धरून मला खाली बसवलं आणि पोर माझ्या मांडीत ठेवली.

"झोपू दे तिले आता."

पण मला तिला झोपू द्यायचं धाडस होईना. डोळे मिटले की मी तिच्या नाकाशी बोट धरत होते. मामींनी माझं बोट बाजूला केलं आणि तिथं स्वतःचं धरलं.

"तूई पड जराशी," म्हणाल्या. "मी पाह्यतो."