आतल्या खोलीपुरता एसी

आणि परत तेच... "एसीनं सूत तुटतं." दोन उन्हाळे झाले, वडिलांसाठी घरी एसी लावू म्हटलं की सोलापूरहून आमचे अण्णा फोनवर मला हेच ऐकवतायत. अहो, सरळ सांगा ना की खर्च नको.

मोठे भाऊ ते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचे टॉवेलचे दोन माग, आतल्या खोलीत आमचे वडील. लकवा झाल्यापासून पडून असतात, वर पत्रा... मे महिन्यात पाठीची कातडी सोलून निघते त्यांची. आणि मी इकडे भिवंडीत लोकांच्या भिंतींवर एसी बसवत फिरतो.

माझे उस्ताद सांगतात, आधी एसी म्हणजे छतातून फिरवलेले, गार हवा नेणारे पत्र्याचे मोठे डक्ट. थेटर, बँक, असल्याच ठिकाणी. जपानात घरं छोटी, डक्टला जागा कुठली... म्हणून त्यांनी मशीनचे दोन भाग केले. आवाज करणारा बाहेर, थंड करणारा आत, मध्ये मुठीएवढं भोक. बास.

परवा एका लूमच्या कारखान्यात शेठच्या केबिनला असाच स्प्लिट बसवला. ट्रायलला चालू केला, दार उघडंच टाकलं आणि चहाला गेलो. एका जागी थांबायची सवय नाही मला... दीड तासानं आलो, तर दारासमोरचं लूम सूत तुटून सारखं बंद पडतंय.

लूमवरचे चाचा तापले होते. "अरे एसीवाले, दरवाजा तेरा बाप बंद करेगा? सूखी हवा में तार टिकता है क्या?"

दार लावलं. थोड्या वेळानं लूम नीट चालायला लागलं, मी मात्र तिथंच उभा. अण्णा खरं बोलत होते... मागाच्या घरात वाढून मला हे माहीत नव्हतं, कारण मागावर मी कधी दोन दिवस टिकलोच नाही. सातवीत शाळा सोडली, तसंच.

पण दाराच्या आत केबिन थंडगार होती. डक्ट नाही, म्हणून एका खोलीचा गारवा त्याच खोलीत. दुसरीला पत्ता नाही, वीज पण तेवढ्यापुरतीच.

जिन्यात बसून फोन लावला. "अण्णा, तुमचं बरोबर होतं, इथल्या लूमवरच्या चाचांनी शिवी घालून शिकवलं. पण आतल्या खोलीपुरताच लावू, सुताला काही होत नाही." त्यांनी माग थांबवला. मग म्हणाले, "शाळेत मास्तरांचं एवढं ऐकलं असतंस तर..." अण्णांनी टोमणा मारला म्हणजे हो. चाचांची शिवी कामाला आली म्हणायची.

मी म्हटलं, "एसी मी आणतो, बसवतो पण मीच. फक्त आतल्या खोलीला आपल्याकडे दार नाही अण्णा, पडदा आहे. सुताराला आजच सांगा, घट्ट बसणारं पाहिजे... दारासाठी आठ हजार पाठवतोय."