पुढं ऊस हाय

आमच्या टीमने आजवर किती मॅचेस जिंकल्या, हे विचारू नका. ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. पण कोण कसा आऊट झाला, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ. रविवारी खेळ संपला की चहाच्या गाड्यावर तासभर तेच चालतं, आणि घरी पोचेपर्यंत प्रत्येक किश्श्यात दोन-चार रन वाढलेले असतात. मी या टीमचा विकेटकीपर. एरवी लेथवर काम करतो, म्हणून सगळे मला मिस्त्री म्हणतात. यातले निम्मे किस्से मी स्टंपांमागून पाहिलेत आणि उरलेले अंगावर झेललेत.

आधी ग्राउंड सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. उचगावच्या कडेला अण्णांचं रान आहे. अण्णा म्हणजे साठीला टेकलेला जैन शेतकरी, बोलणं रोखठोक. रानातला एक पडीक तुकडा त्यांनी आम्हाला खेळायला दिला, पण एका अटीवर. उसात कुणी पाय ठेवायचा नाही. आता ऊस होता तीन बाजूंना, बॉलरच्या मागे आणि दोन्ही अंगांना. त्यामुळे नियमच पडला की बॉल उसात गेला की बॅट्समन आऊट. बॉल दुसऱ्या दिवशी उसाला पाणी पाजताना अण्णाच शोधून द्यायचे.

मोकळी जागा उरली ती फक्त माझ्या मागे. म्हणून आमच्या गावात बॅटिंग म्हणजे बॉल मागे मारणं. लहानपणापासून सगळे तेच शिकले.

*

यातला सगळ्यात मोठा कलाकार दत्ता. त्याच्या गोठ्यात सहा म्हशी. पहाटेची धार काढून, डेअरीत दूध घालून थेट बॅटिंगला यायचा. बॉल सुटला की हा क्रीजवर उकिडवा बसायचा, बॅट दोन गुडघ्यांमध्ये धरायचा आणि बॉल स्वतःच्या खांद्यावरून मागे उडवायचा. या शॉटला आम्ही ‘धार’च म्हणतो.

एकदा बाहेरगावचा अंपायर आला होता. पहिल्याच बॉलला दत्ता बसला, बॉल माझ्या डोक्यावरून बाउंड्रीपार. अंपायरने डेड बॉल दिला. आम्ही कारण विचारलं तर म्हणाला, बॅट्समन तयार नव्हता, खाली बसला होता.

दत्ता बसल्या जागेवरून म्हणाला, “पावणं, मी बसल्यावरच तयार असतोय.”

*

जगातल्या सगळ्या कीपरना बॉलरचा बॉल लागतो. मला बॅट्समनचा लागतो. एका रविवारी प्रॅक्टिसला आमच्याच ओपनरने मागे मारलेला बॉल कानावर बसला. डॉक्टरांनी टाका घालताना विचारलं, बॉलर फार फास्ट होता का? मी म्हटलं, बॉलरचा काही दोष नाही, त्याने लांबच टाकला होता. डॉक्टर बराच वेळ माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत होते. त्यांना वाटलं, मार डोक्यापर्यंत गेलाय.

*

मलकापूरला मॅच होती, त्याची गोष्ट. ग्राउंड असं की बघतच राहावं. चारी बाजू मोकळ्या, चुन्याची गोल रेघ, कुठे झुडूपसुद्धा नाही. आम्ही खूश झालो आणि खेळायला लागलो, अर्थात मागे.

त्यांचा कॅप्टन हुशार होता. तिसऱ्या ओव्हरपर्यंत त्याने सात जण कीपरच्या मागे नेऊन उभे केले. पंगत बसल्यासारखी रांग लागली. पुढे उरला बॉलर आणि बाजूला दोघं. आमचे बॅट्समन मागे मारत गेले आणि पंगतीत कॅच देत गेले.

दत्ता बॅटिंगला आला तेव्हा मी दुसऱ्या टोकाला होतो. शेवटी पिचच्या मधोमध जाऊन त्याला म्हटलं, “दत्ता, पुढं कुणी न्हाय. सरळ मार की.”

त्याने पुढे बघितलं. मग मी असा कसा वेड्यासारखा बोलतोय, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

“पुढं ऊस हाय, मिस्त्री.”

पुढे साधं गवतही नव्हतं.

*

इथपर्यंत हसायला ठीक होतं. हसू थांबलं ते शुभांगीमुळे.

शुभांगी ही दत्ताची मुलगी. टीमला अकरा जण भरायचे नाहीत म्हणून एकदा तिला उभं केलं, आणि वर्षभरात ती आम्हा सगळ्यांपेक्षा भारी खेळायला लागली. बापाची धार तर तिने घेतलीच, वर स्वतःच्या चार गोष्टी काढल्या. गेल्या वर्षी ती शहरात एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या जिल्हा निवड चाचणीला गेली. प्रत्येकीला दहा बॉल. हिने दहाही मागे मारले. एकही चुकला नाही. निवडणाऱ्या सरांनी बॅट हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, “पोरी, मैदान पुढंपण असतं.”

नाव आलं नाही. वयाच्या हिशेबात यंदाची एकच संधी उरली होती. ती रविवारी यायची बंद झाली. मी घरी गेलो तर गोठ्यात वैरण टाकत होती. मान वर न करता म्हणाली, “काका, पुढं मारायला शिकलो की येतो.” आमच्याकडे पोरीही ‘येतो’, ‘जातो’च म्हणतात, पण त्या दिवशी तिचा आवाज अगदीच लहान होता. पोरीत खोट नव्हती. खोट आमच्या नियमात होती, आणि तो आम्ही हसत हसत तिच्या अंगात मुरवला होता. मला स्वतःची लाज वाटली.

*

आम्ही पाच जण अण्णांकडे गेलो. फक्त तिच्यापुरता उसाचा नियम उठवा म्हणून गळ घातली. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, “न्हाय.” एकाला सूट दिली तर उद्या सगळेच उसात शिरणार, हे त्यांचं म्हणणं. दत्ता उठून वाटेला लागला.

पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर बॉलरच्या मागे एका बाजूला उसाला भगदाड! दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी पट्टी अण्णांनी स्वतः कोयत्याने तोडली होती. उभं पीक, कारखान्याला जायला अजून चार महिने अवकाश.

“तेवढ्यातनं मार,” ते शुभांगीला म्हणाले. “बाकी ऊस तो ऊसच.”

दत्ता त्यांच्या पाया पडायला गेला तर मागे सरकले. म्हणाले, घरच्या म्हशींना वैरण नव्हती म्हणून तोडलाय, उगाच गैरसमज नको.

पण एक घोळ होता. अण्णांनी पट्टी तोडली सरीच्या रेषेत, आणि सरी तिरकी. उजव्या हाताने खेळणाऱ्याला त्या बाजूला ताकदीने मारणं अवघड. तीन रविवार शुभांगी उसात आऊट होत राहिली. चौथ्या रविवारी बॉलर पळत येताना ती अचानक फिरली, डावखुरी होऊन उभी राहिली आणि बॉल त्या भगदाडातून जो गेला तो पार विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीपर्यंत. अण्णा बांधावर बसले होते. त्यांनी टाळी वाजवली नाही. उठून स्वतः बॉल आणायला गेले.

*

मग यंदाची निवड चाचणी. अण्णांनी आपली जीप काढली. दत्ता ग्राउंडकडे पाठ करून उभा, त्याला बघवत नव्हतं. काय झालं ते मीच त्याला मागून सांगत होतो.

सर तेच होते आणि त्यांना शुभांगी आठवत होती. ती क्रीजवर येताच त्यांनी फिल्डिंग करणाऱ्या मुली मागे पाठवल्या. बॉलर पळत आली, शुभांगी फिरली आणि डाव्या हाताने पुढे चार. सरांनी भुवया उचलल्या. चार मुली पुढे बोलावल्या. पुढचा बॉल तिने उजव्या हाताने बसून मागे उडवला. मुली पुन्हा मागे. तिने पुन्हा पुढे. सहाव्या बॉलला बॉलर थांबून तक्रार करायला लागली की ही सारखी फिरतीय. सर म्हणाले, तू टाक. आठव्या बॉलला फिल्डिंगमधली एक मुलगी धापा टाकत म्हणाली, “सर, मी एका जागी उभी राहू का? तिला मारू दे कुठं मारायचं ते.”

सर हसले नाहीत. वहीत काहीतरी लिहीत राहिले.

तासाभराने नावं वाचली. ज्यांची नावं आली, त्यांना फॉर्म भरायला टेबलाजवळ बोलावलं. रांगेत शुभांगी चौथी. दत्ता आता कुठे वळला होता आणि टॉवेलने सारखं तोंड पुसत होता. अण्णा त्याच्या शेजारी उभे होते.

टेबलावरचा क्लार्क मान खाली घालून फॉर्म भरत होता. नाव विचारलं, गाव विचारलं, जन्मतारीख लिहिली.

“बॅटिंग? उजवी का डावी?”

शुभांगी म्हणाली, “बॉल येऊ दे की सर, मग सांगतो.”