मोठ्या बाईंबरोबर जनगणनेला

मोठ्या बाई कुणाच्या दाराची घंटा वाजवत नसत. गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारायच्या, "जनगणनेवाले आलेत हो, टीव्ही बंद करा." मग जुन्या इंदुरातली ती अख्खी गल्ली दारात येऊन उभी राहायची.

बाई आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मी तेव्हा नवी शिक्षिका. मागच्या जनगणनेत माहिती लिहून घ्यायचं काम माझं आणि त्या माझ्यावर सुपरवायझर. त्यांनी घरोघर हिंडायची गरज नव्हती, तरी रोज यायच्या. म्हणायच्या, "ऑफिसात पंखा आहे, माणसं नाहीत."

पोह्यांना त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. "आपण खाल्लं की लोक खरं वय सांगतात," हे त्यांचं मत. ते खोटं ठरताना मी पुष्कळदा पाहिलं, पण पोहे मीही सोडले नाहीत.

एका घरात दोन भाऊ, दोन स्वयंपाकघरं. एका चुलीवरचं जेवतात ते एक कुटुंब, हा आमचा नियम. दोघांनीही आईचं नाव आपल्याकडे सांगितलं.

"सकाळी इथे जेवते ती, पूछ लो," थोरला म्हणाला.

"और शाम को? आमच्याकडेच ना, भिया?" धाकट्याचा आवाज चढला.

आजी अंगणात मेथी निवडत होत्या. "माझं नाव राहू द्या. कुठेही लिहा, एक जण रुसणार."

बाई शेजारी बसून मेथी निवडायला लागल्या. "तुम्हाला गाळलं तर मला वरून बोलणी बसतील, आजी."

जुडी संपत आली तेव्हा आजी म्हणाल्या, "धाकट्याकडे लिहा. थोरला चिडला तर बोलून मोकळा होतो. हा आतल्या आत कुढत बसतो."

थोरला उठून आत गेला. मला वाटलं, बिनसलं. तो चहा घेऊन आला. "लिहा मॅडम, आईने बरोबर सांगितलं." धाकटा खाली बघत होता.

गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर बाईंचंच. त्या एकट्या राहायच्या. "माझ्यासाठी भांडायला कुणी नाही, चटकन होईल," असं म्हणून हसत हसत त्यांनी सगळी उत्तरं दिली.

यंदा काम मोबाईलवर आहे, गल्ली तीच मिळाली. बाई मागच्या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप होतं. मी 'रिकामं घर' निवडलं, पण पुढचं बटण काही दाबवेना.

"मॅडम, खाली है वो," शेजारीण म्हणाली.

"हो, माहीत आहे," म्हटलं, आणि बटण दाबलं.