दादांच्या तोंडी घातलेला शब्द

दादांनी तसं सांगितलंच नव्हतं. तो शब्द मी त्यांच्या तोंडी घातला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जवळा बाजारजवळच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि आमचा गट हरला. दादा आमचे पुढारी. त्यानंतर गावात चहाची हॉटेलंसुद्धा दोन गटांची दोन झाली. दुसऱ्या गटाच्या हॉटेलापुढून जाताना आम्ही मान वळवून चालायचो. मी तर दादांचा उजवा हात म्हणून मिरवत होतो.

अशात नव्या सरपंचांची आजारी आई वारली. दादा हळद घेऊन वसमतला गेले होते. आमच्या हॉटेलात वीस-पंचवीस जण होते. दोघं उठत म्हणाले, "चला, मौतीला जाऊन येऊ."

मी म्हणालो, "बसा खाली. जातानाच दादा सांगून गेलेत. म्हातारीचं काही झालं तरी तिकडं कुणी पाय ठेवायचा न्हाई."

"बराबर हाय," कुणीतरी म्हणालं. उठलेले बसले.

त्या म्हातारीनं माझ्या थोरल्या लेकीला जन्मल्यावर महिनाभर न्हाऊ घातलं होतं. हे आठवत असूनही मी बोललो. सगळे माझं ऐकत होते, ते बरं वाटलं. याहून मोठं कारण मला आजही सापडत नाही. तांड्यावरची माणसं दोन मैल चालत आली. शेजारच्या गल्लीतून आम्ही गेलो नाही.

दुपार कलल्यावर दादा एसटीतून उतरले आणि बातमी कळताच हातातल्या पिशवीसकट सरपंचांच्या दारी गेले. मी मागोमाग गेलो.

"आता काहून आलात?" सरपंच म्हणाले. "तुमच्याच हुकमानं गल्ली घरात बसली ना?"

दादांनी वळून माझ्याकडं पाहिलं. माझा चेहराच सगळं सांगत असणार. मग त्यांनी हात जोडले. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

परतताना मी विचारलं, "दादा, मला काहून वाचवलं?"

"तुला कोण वाचवून राहिलं? तू खोटं बोललास. पण पंचवीस जणांत एकालाबी वाटलं न्हाई, की दादा असं बोलायचे न्हाईत. मतं मागताना मीच तुमाला त्यांच्यावर चिडवलं. चिडलेली माणसं लवकर गोळा होतात रे."

दुसऱ्या दिवसापासून दादा रोज एक चहा सरपंचांच्या गटाच्या हॉटेलात घेऊ लागले. पहिले कित्येक दिवस शेजारी कुणी बसत नसे. आमच्यातले म्हणाले, "दादा फुटले." पुढच्या निवडणुकीत काहींनी साथ सोडली, सरपंचही तेच राहिले. दादांनी चहा सोडला नाही. स्वतःच्याच माणसांची नाराजी इतकी शांतपणे सोसणारा पुढारी मी पुन्हा पाहिला नाही. आणि मी? गटातली जागा जाईल म्हणून सात-आठ वर्षं गप्प राहिलो.

मग एका ग्रामसभेत दादा पाण्याच्या टाकीबद्दल बोलत असताना मागून कुणीतरी ओरडलं, "मौत अडवणाऱ्यानं आमाला शिकवू नये!" लोक हसले. दादा खाली बसले. तोपर्यंत त्यांचे केस पार पांढरे झाले होते.

मी उभा राहिलो. दोन्ही गट समोर होते.

"सरपंच, त्या दिवशी दादांनी कुणाला अडवलं नव्हतं. त्यांचं नाव घेऊन मी खोटं बोललो. तुमच्या आईच्या मातीला माझ्यामुळं लोक आले न्हाईत. मला माफ करा. आणि दादा, इतकी वर्षं तुमाला हे ऐकून घ्यावं लागलं. तुमीबी माफ करा."