पातीवरच्या रेघा

आज कांद्याची पात निवडताना एका पानावर नागमोडी पांढऱ्या रेघा दिसल्या. नखानं पान चिरलं, तर आत तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर नागअळी वळवळत होती. माझा हात तिथंच थांबला.

पन्नास सालच्या सुमारास आम्ही कलकत्त्यात, बालीगंजला राहत होतो. झुणक्याला कोवळी पात हवी म्हणून आईनं गच्चीवर बिस्किटांच्या डब्यांत कांदे लावले होते. पाणी घालायचं काम माझं. एकदा खेळायच्या घाईत मी ताईला गळ घातली. ती बाजूला बसलेली होती, आणि त्या चार दिवसांत झाडांना शिवायचं नाही, असा आईचा दंडक. तरी माझ्यासाठी तिनं पाणी घातलं.

आठवड्यानं पातीवर अशाच रेघा उमटल्या, पात वाळू लागली.

"कुणी हात लावला होता?" आईनं विचारलं.

"ताईनं," मी म्हणाले. मीच तिला सांगितलं होतं, हे गिळून टाकलं.

आईनं ताईलाच सगळे कांदे उपटायला लावले. मातीचे हात तसेच धरून ताई मला म्हणाली, "खरंच गं, माझ्यामुळेच मेली."

ताईला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या घरात कधी एक कुंडीसुद्धा नव्हती.