हरतालिकेच्या दिवशी एक ग्लास पाणी

"मॅडम, आज पाणी नाही. निर्जळी आहे माझी."

गामा कॅमेऱ्याखाली पडल्या पडल्याच प्रज्ञाने हात जोडले. मी पाण्याचा ग्लास टेबलावर जरा आपटलाच. सकाळी इंजेक्शन मुकाट्याने घेतलं होतं हिने. सुई चालते, घोट चालत नाही!

प्रज्ञा भाईंदरच्या जुन्या आगरी घरातली सून, शांती नगरच्या शाळेत शिक्षिका. गेले काही आठवडे वजन उतरत होतं, छाती धडधडायची, फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. रक्तात थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं. ते का, हे शोधायला तिच्या डॉक्टरांनी आमच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात पाठवलं.

आमचं काम सांगायला सोपं. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध द्यायचं. थायरॉइडची ग्रंथी ते ओढून घेते आणि कुठला भाग किती काम करतोय ते कॅमेऱ्यात दिसतं. एरवी पडद्यावर ग्रंथीचं छान फुलपाखरू उमटतं. प्रज्ञाचं जेमतेम दिसत होतं. डावीकडे खाली एक ठिपका मात्र लख्ख पेटलेला.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन. "एखादी गाठ हार्मोन बनवतेय का? तसं असेल तर सर्जनशी बोलून ठेवतो."

"थांबा हो जरा. तिला पाणी पिऊ दे."

हे औषध लाळेतही उतरतं. गिळलेली लाळ अन्ननलिकेत रेंगाळली तर तीही गाठीसारखीच चमकते. पाण्याने लाळ धुऊन जाते, गाठ जात नाही. ठिपका राहिला तर कदाचित ऑपरेशन. गेला तर ग्रंथीला नुसती सूज, साठलेलं हार्मोन गळतंय. बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप थांबतं.

मी समजावलं, रागावलेसुद्धा. प्रज्ञा रडायला लागली. "नवऱ्यासाठी धरलाय हो. मोडला आणि त्याला काही झालं तर?"

शेवटी बाहेर बसलेल्या सासूबाईंना आत बोलावलं. आता आगीत तेल पडणार, अशी माझी खात्रीच होती.

म्हातारीने सगळं नीट ऐकलं आणि ग्लास उचलून सुनेपुढे धरला. "ज्याच्यासाटी उपास धरलास तो माजाच पोऱ्या हाय ना? मंग त्याची आयस सांगते, पी. देवाला काय बोलाचा ता मी बोलन."

प्रज्ञाने ग्लास रिकामा केला. पुन्हा स्कॅन घेतला. ठिपका गायब! इतका आनंद झाला की मी तिथेच सासूबाईंचा हात धरला. मग फोन लावला. "सर्जनला त्रास देऊ नका. सूज आहे."

नंतर केलेल्या सोनोग्राफीतही गाठ निघाली नाही. संक्रांतीला दोघी तिळगूळ घेऊन आल्या. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, फळ्यावरचं अक्षर पुन्हा सरळ.

"आणि नवरा?" मी विचारलं.

"त्याला काय धाड भरलेय," सासूबाई म्हणाल्या.

तेव्हापासून रिसेप्शनला मी सांगून ठेवलंय. थायरॉइड स्कॅनची तारीख देताना आधी पंचांग बघा. आणि सोबत सासू आली असेल, तर तिला बाहेर बसवून ठेवू नका.