गोधडीआडचं इंजिन

कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाच्या अंगाला रुईचे तंतू चिकटतात. कितीबी झटका, एखादा राहतोच. आमच्या कारखान्याचे किस्से तसेच. एक काढायला जावं तर त्याच्याबरोबर चार निघतात.

आता शिकलेली मंडळी सांगतात, कारखानदारानं पोरं हाताखाली घेऊन शिकवावीत, त्यात दोघांचंबी भलं असतं. अहो, हेच आम्ही निजामाच्या राज्यात, तेलगावच्या जिनिंगमध्ये घसा सुकेपर्यंत सांगत होतो. ऐकत होतं कोण?

*

आम्ही पाच शागीर्द. शिकवणारे इंजिनाचे मिस्त्री, बीडचे. त्यांना सगळे उस्तादच म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात आपल्या बकरीची दोरी दिली.

मी म्हटलं, "उस्ताद, मी इंजिन शिकायला आलोय."

"आधी हिला चारून आण. इंजिनालाबी रोज खायला लागतं."

दुसऱ्या हंगामापर्यंत मी बकरीच चारत होतो. वडलांनी बजावून ठेवलं होतं, "दगडू, यंदा इंजिनाला हात लागला न्हाई, तर मामाची मेंढरं राखायला जायाचं." म्हणजे बकरीवरून मेंढरावर. बढतीच म्हणा की!

*

या इंजिनाची सगळी करामत वाफ आत सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये. तो बरोबर बसवला तर इंजिन चालणार, न्हाई तर नुसतं फुसफुसणार. तो बसवायची वेळ आली की उस्ताद इंजिनाला आडवी दोरी बांधून तिच्यावर गोधडी टाकायचे. आम्ही बाहेर. आतून नुसता पान्याचा आवाज. नवरी न्हात असल्यासारखा सगळा पडदा!

मग मी गोधडीला भोक पाडलं. पुढच्या खेपेला डोळा लावला, तर पलीकडून दुसरा डोळा माझ्याकडं बघतोय.

"काय दिसतंय बे?"

"तुमचा डोळा, उस्ताद."

"पोटभर बघ. यापरीस जास्त काही दिसणार न्हाई."

*

माझा जोडीदार मस्तान, युसूफ वडगावचा. तोंडाचा फटकळ. एकदा त्यानं सरळच विचारलं, "उस्ताद, आमाला कावून शिकवत न्हाई?"

"मला कुणी शिकवलं? माझ्या उस्तादाचा हुक्का भरण्यात माझी जवानी गेली."

"मग त्यांचा राग आमच्यावर काढता?"

"त्यांच्यावरच काढायला गेलतो. ते मेलते."

*

कारखान्याच्या मालकाचं, शेठचं तर विचारूच नका. उस्ताद लेकीच्या गावाला गेले आणि नेमकं इंजिन बंद पडलं. कापसाच्या गाड्या पार नाक्यापर्यंत खोळंबल्या. शेठनं मुंबईहून मिस्त्री मागवला. तो बूट वाजवत आला, कोंबड्या खाल्ल्या, गोधडी मागून घेतली (त्यालाबी पडदा लागायचा!), एक नट आवळला आणि गेला.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "शेठ, आमच्यातल्या एकाला जरी शिकवलं असतं, तरी गाड्या कवाच मोकळ्या झाल्या असत्या."

"आणि शिकून तू दुसऱ्या जिनिंगला पळालास म्हणजे?"

"आता मी बकरी चारतो. मला पळवायला कोण टपलंय?"

शेठ हसले. शिकवलं मात्र न्हाई. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारी अशी माणसं बघितली की अजून माझं टाळकं सरकतं.

*

हंगाम सरत आला आणि व्हॉल्व्ह सरकला. उस्तादांचे डोळे आलेले. हकीमानं औषध घालून दोन्ही डोळ्यांवर गच्च पट्टी बांधलेली. मुंबईचा मिस्त्री दुसरीकडं अडकला होता. गाडीवाले शेठच्या नावानं शंख करत होते. शेवटी शेठनं स्वतः जाऊन उस्तादांना छकड्यात घालून आणलं.

भर दुपार होती. उस्ताद इंजिनापाशी चाचपडत बसले. म्हणाले, "हाताशी दगड्या थांबंल. बाकीचे बाहेर. गोधडी लावा."

मस्ताननं गोधडी त्यांच्या कानापाशी जोरात फडफडवली आणि हळूच जमिनीवर ठेवली.

"लावली, उस्ताद."

पोरं अनवाणी, चवड्यांवर जवळ आली. शेठबी वहाणा करकरवत दारात येऊन उभे राहिले.

उस्तादांनी माझा हात धरून व्हॉल्व्हवर ठेवला. "चाक हातानं फिरव. हळू. दट्ट्या टोकाला आला का?"

"आला."

"आता फट बघ. नखाच्या जाडीची पायजे. जास्त असली तर इंजिन धक्के मारंल, कमी असली तर वाफ कोंडंल. कळलं?"

"कळलं."

"मोठ्यानं बोल."

मी मोठ्यानं सगळं म्हणून दाखवलं. मागं पोरांचे ओठ हलत होते. मग उस्तादांनी पाना माझ्या मुठीत दिला आणि आपला हात काढून घेतला. मी नट आवळायला लागलो.

तेवढ्यात पट्टी बांधलेलं तोंड उस्तादांनी दाराकडं वळवलं.

"शेठ, जरा बाजूला व्हा. पोरांचा उजेड अडतोय."